मस, चामखीळ, गाठी: काढल्याचे (आणि न काढल्याचे) अनुभव

आपल्याकडं अंगावर काहीही उगवलं की 'चामखीळ' म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. माझ्या मानेवर चौदा होत्या. तिळाएवढ्या, देठावर लोंबणाऱ्या; त्यांना खरं तर मस म्हणतात. मंगळसूत्राचे मणी त्यात अडकायचे, उन्हाळ्यात घाम आला की आग व्हायची. सासूबाईंचं एकच: "दुखायलंय का? नाही ना? मग कशाला हात लावायचा?" या एका प्रश्नावर माझी अकरा वर्षं गेली. कुठलाही डॉक्टर दिसला की मी ताप-खोकल्याचं बोलायचे आणि हे पदराखाली झाकायचे.

मागच्या हिवाळ्यात लातूरला त्वचेच्या डॉक्टरांकडं गेले. बधिर करायचं मलम लावून पाऊण तास बसवलं, मग कॉटरीनं, म्हणजे विजेवर तापणाऱ्या सुईनं, एकेक मस जाळला. टाचणी टोचल्यासारखं होतं आणि केस जळल्याचा वास येतो, त्याचीच जास्त भीती वाटली. आठ-दहा दिवसांत खपल्या पडल्या. पण त्याआधी डॉक्टरांनी मान निरखून विचारलं, "हा काळेपणा किती दिवसांपासून?" मी तो मळ समजून वर्षानुवर्षं घासणीनं घासत होते! त्यांनी तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी सांगितली. ६.१ टक्के आली. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. मानेवरचे मस, काळी पडलेली मान आणि वाढतं वजन हे पुष्कळदा एकत्र येतात म्हणे.

तुमचे अनुभव लिहा. कुठं होतं, कसं काढलं, काय फसलं. फोटो टाकून 'हे काय आहे' विचारू नका, फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही.

परभणी, बँकेत नोकरी

उजव्या पापणीच्या कडेला होता. वाचताना सतत काहीतरी आडवं आल्यासारखं वाटायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कात्रीनं कापला. पापणीत सुई जाते तेव्हा जीव वर येतो, पुढचं काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी कॅश काउंटरवर होतो.

बीड जिल्हा, शेती

माझी चूक मीच सांगतो, म्हणजे दुसरा कुणी करणार नाही. गळ्यावर एक मोठा मस होता. आमच्याकडं बिब्बा म्हणजे सगळ्यावरचं औषध. पायात काटा मोडला, बिब्बा. टाचेला भेग पडली, बिब्बा. मग मसानं काय घोडं मारलंय? शेजारच्या म्हाताऱ्यानं सुई तापवून बिब्ब्यात खुपसली आणि निघालेलं तेल मसाला लावलं. थोडं खाली ओघळलं, ते मी बोटानं पुसलं आणि तेच बोट डोळ्याला लागलं.

त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी मान लाल, तिसऱ्या दिवशी तोंड एवढं सुजलं की डोळे उघडेनात. गळ्यावर पाण्याचे फोड. पोरगा शाळेतून आला आणि मला बघून रडायला लागला. बायकोनं मोटारसायकलवर मागं बसवून तालुक्याला नेलं. मोटारसायकल तीच चालवत होती, हेही गावानं बघितलं. डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, वर शिव्या दिल्या त्या वेगळ्या. बरं व्हायला तीन आठवडे लागले. गळ्यावर हाताच्या पंजाएवढा काळा डाग अजून आहे.

आणि मस? तो जिथल्या तिथं आहे. बायको म्हणते, "बिब्ब्यानं सगळं गेलं, तेवढा एक राहिला."

नांदेड, किराणा दुकान

बिब्ब्यापेक्षा घोड्याचा केस बरा. माळेगावच्या जत्रेतून मागून आणला होता. बारीक देठाचा मस होता, केस आवळून बांधला, काळा पडला आणि सहाव्या दिवशी गळाला. त्या फुशारकीत दुसऱ्याला बांधला. तो जाड बुडाचा होता. पिकला, पू झाला, मला आधीच शुगर. शेवटी इंजेक्शनं घ्यावी लागली. तेव्हा बरा वगैरे काही नाही, शब्द मागे घेतो.

जालना

माझा कानामागचा न्हाव्यानं वस्तऱ्यानं उडवला. फुकट! अर्धा तास तुरटी दाबून बसलो होतो.

छत्रपती संभाजीनगर, त्वचारोगतज्ज्ञ

जालनेकर, फुकट तुमचं झालं. पातं बदललं नसेल तर पुढच्या गिऱ्हाइकाला काय मिळालं असेल याचा विचार करा.

थोडं लिहितो, कारण सगळ्यांनी सगळ्याला एकच नाव दिलंय. देठावर लोंबतो तो मऊ मस संसर्गजन्य नसतो. एक काढला की 'बी पसरून' दहा येतात असं लोक म्हणतात, तसं होत नाही. नवे येतात ते मुळात येणारच होते. खरखरीत, फुलकोबीसारखी चामखीळ वेगळी, ती विषाणूची. ती खाजवल्यानं, दाढीच्या ब्लेडनं पसरते, आणि जाळली तरी पुन्हा येऊ शकते. तीळ आणखी वेगळा. दोन बाजू सारख्या नाहीत, कडा वेड्यावाकड्या, एकाच तिळात दोन-तीन रंग, आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, किंवा अलीकडं वाढतोय, रक्त येतंय, असं असेल तर तो कुणाकडूनही जाळून घेऊ नका. जाळलं की तपासायला काही उरत नाही. तो कापून प्रयोगशाळेत पाठवायचा असतो.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, पेसमेकर असेल तर आधी सांगा. लोक टेबलावर आडवे झाल्यावर सांगतात.

जालना, एम.ए. करतेय

माझ्या गालांवर बारीक काळे ठिपके, आईला आहेत, मामालाही आहेत. सावळ्या कातडीत घराण्यातच चालत येतात आणि निरुपद्रवी असतात, हे नंतर कळलं. मी आधी एका पार्लरमध्ये गेले. तिथल्या बाईनं एका बैठकीत तीसेक जाळले. ठिपके गेले आणि त्यांच्या जागी त्यांच्याहून मोठे तपकिरी डाग आले. मे महिना होता, मी रोज उन्हात बसस्टँडपर्यंत चालत जायचे. सनस्क्रीनचं कुणी बोललंही नव्हतं.

डाग फिके व्हायला पाच महिने लागले. उरलेले आता डॉक्टरांकडून काढतेय, एका वेळी चार-पाच, अगदी हलक्या करंटवर, तेही थंडीत. आणि एक सांगायचंय. ज्याला त्याला वाटतं मी लग्नासाठी काढतेय. अरे, आरसा मीही बघते की.

हिंगोली, एसटीत वाहक

मस नाही, खांद्यावर गाठ होती. लिंबाएवढी, दाबली की सटकायची. पैशाच्या बॅगेचा पट्टा बरोबर तिच्यावरून जायचा. ड्युटी संपेपर्यंत खांदा भरून यायचा. सोनोग्राफीत चरबीची गाठ निघाली. तेवढाच भाग बधिर करून सर्जननं काढली, टाके पडले. काढलेली गाठ मला दाखवली, पिवळीधमक, साजूक तुपाच्या गोळ्यासारखी. तपासणीतही चरबीच आली. आता पट्टा दुसऱ्या खांद्यावर घ्यायची सवय लागलीय, ती काही जात नाही.

धाराशिव

आईचं वय ७२. पाठभर तपकिरी, मेणाचे थेंब चिकटवल्यासारखे चट्टे. वयानं येतात, धोका नाही म्हणाले. सगळे काढायला ती तयार नव्हती. झंपराच्या शिवणीखाली घासणारे दोन तेवढे द्रवरूप नायट्रोजननं गोठवले. उणे १९६ अंशांचं असतं ते. आई घरी येऊन सगळ्यांना सांगतेय, "बर्फानं भाजलं मला!" बाकीचे आहेत तसेच आहेत.

परभणी, बँकेत नोकरी

विम्यात बसतं का हे? माझा दावा परत आला, 'सौंदर्योपचार' म्हणून.

धागाकर्ती

माझ्या पॉलिसीतही बसलं नाही. खिशातूनच दिले.

हा धागा मी घरात मोठ्यानं वाचून दाखवत होते. बिब्ब्याचा किस्सा ऐकून सासूबाई पोट धरून हसल्या. रात्री भांडी घासताना मागं येऊन उभ्या राहिल्या. आधी म्हणाल्या, नळ बंद कर. मग हळूच, "काखेतले काढत असतील का गं ते?" बांगडीवाल्या हातानं झंपराची बाही वर केली. सहा-सात होते, दोन घासून लाल झालेले. मी विचारलं कधीपासून, तर म्हणाल्या, "तुझं लग्न व्हायच्या आधीपासनं."

सोमवारचा नंबर लावलाय. साखर उपाशीपोटी तपासायची आहे, तेवढं त्यांना अजून सांगितलं नाही.