सव्वादोन टनांची एसयूव्ही: मोठ्या ब्रेकचं किट बसवू का?

निळी_व्हीएट:
माझी एसयूव्ही सव्वादोन टनांची, पेट्रोल व्ही८, ऑटोमॅटिक. गेल्या महिन्यात चौघं जण आणि सामान घेऊन मोठा घाट उतरत होतो, साधारण हजार मीटरचा उतार. शेवटच्या वळणांवर पेडल एकदम मऊ पडलं, जवळजवळ तळाला टेकलं. भराभर तीन-चारदा दाबून गाडी कशीबशी आवरली आणि कडेला घेतली. मागे आई होती. ती काही बोलली नाही, पण दाराचं हँडल तिनं दोन्ही हातांनी धरलेलं मला आरशात दिसलं. अर्ध्या तासानं पेडल पुन्हा पहिल्यासारखं. गॅरेजमध्ये गळती सापडली नाही. आता सहा पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबून धरणारे भाग) आणि ४०० मिमी डिस्कचं किट घ्यायचा विचार आहे. कुणी बसवलंय का?

ट्रॅकडे_प्रेमी:
मी बसवलंय, पुढच्या दोन चाकांना. रेस ट्रॅकवर सलग फेऱ्या मारल्या तरी दम टिकतो. आधी चाकाच्या आत जागा आहे का ते मोजा. माझं जुनं व्हील कॅलिपरला घासत होतं, ते बदलावं लागलं. मग किट डोळे मिटून घ्या.

जुना_पाना:
थोडं थांबा. बारा वर्षं ब्रेकचंच काम करतोय, म्हणून कळकळीनं सांगतो.

पॅड तापून निकामी होतात तेव्हा पेडल कडकच राहतं. जीव खाऊन दाबलं तरी गाडी थांबत नाही. तुमचं पेडल खाली गेलं आणि गार झाल्यावर परत आलं. गळतीही नाही. म्हणजे कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल उकळलं. ऑइल दबत नाही, वाफ दबते. तुमचा पाय नुसती वाफ दाबत होता.

ऑइल शेवटचं कधी बदललं? ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओल धरल्यावर १५५. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. नुसतं डॉट ५ लिहिलेलं मात्र सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही घालू नका.

आता उताराचा हिशेब. माणसं-सामान धरून २६०० किलो. ताशी १०० किमीवरून एकदा पूर्ण थांबलात की सुमारे १० लाख ज्यूल उष्णता. हजार मीटर उतरताना सुमारे २५५ लाख. म्हणजे शंभरवरून पंचवीस वेळा थांबण्याइतकं काम. त्यातलं थोडं हवा घेते, थोडं इंजिन, पण खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाला तुम्ही घेऊ दिलं तर. कुठल्या गिअरमध्ये उतरलात?

ट्रॅकडे_प्रेमी:
पण मोठी डिस्क जास्त उष्णता पोटात घेते, हे तर खरं ना?

जुना_पाना:
अगदी खरं, आणि ट्रॅकवर त्याचा फायदा आहेच. पण उकळायला आलेलं ऑइल मोठ्या कॅलिपरमध्येही उकळतं, थोडं उशिरा. थांबण्याचं अंतरही किटनं फारसं घटत नाही. जोरात दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखडतंय म्हणजे टायरची पकड संपली. तिथून पुढे कॅलिपर काय करणार? शिवाय मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा) तोच ठेवून पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढवलं तर पेडल आणखी खोल जातं, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी बदलते. विक्रेता पिस्टनची संख्या सांगेल, तुम्ही क्षेत्रफळ विचारा.

निळी_व्हीएट:
ऑइल साडेचार वर्षांचं, काळपट. गिअर पूर्ण वेळ डी मध्येच होता. पुढचे पॅड ४ मिमी उरलेत, डिस्कवर निळसर झाक आहे.

जुना_पाना:
मग सगळं जुळलं. पॅड झिजला की डिस्कची धग पिस्टनपर्यंत आणि ऑइलपर्यंत लवकर पोचते. पॅड बदला, पण रेसिंगचे नकोत. ते गार असताना नीट पकडत नाहीत आणि आई बसलेली असताना पहिला ब्रेक गारच लागतो. डिस्कची जाडी मायक्रोमीटरनं मोजा, किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. निळसर झाक म्हणजे ती खूप तापलीय, बारीक तडे दिसले तर बदलाच. पिस्टनवरचे रबर करपलेत का तेही बघा. ऑइल चारही चाकांतून पूर्ण बदला; काही गाड्यांत एबीएस युनिटमधलं जुनं ऑइल काढायला स्कॅनर लावावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर १०० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवून नवे पॅड डिस्कवर रुळवून घ्या. पॅडच्या कंपनीनं वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. शेवटी तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका. पॅडचा थर एकाच जागी चिकटतो, मग स्टिअरिंग थरथरतं आणि लोक डिस्क वाकली म्हणतात.

निळी_व्हीएट:
सगळं केलं. पॅडबरोबर पुढच्या डिस्कही बदलल्या, एकीला कडेनं तडे होते. ऑइल डॉट ५.१ भरलं, गाडीच्या पुस्तकात चालतं असं लिहिलंय. रविवारी त्याच घाटानं उतरलो, तिसऱ्या गिअरमध्ये, आई शेजारी. पायथ्याशीही पेडल घाटमाथ्यावर लागत होतं तिथेच लागलं. किट सध्या नाही. टायर सहा वर्षांचे झालेत, त्यांच्यासाठी वेगळा धागा काढतो.