पाहुण्यांना कॅमेरा खटकतो? मग लॉजवर उतरा म्हणे!

कडक_भाकरी:
काल इथं एका गृहस्थांनी लिहिलं, शब्द त्यांचेच देतो: "घर माझं, कॅमेरा माझा, वीजबिल मी भरतो. पाहुण्यांना खटकत असेल तर एसटी स्टँडजवळ लॉज भरपूर आहेत." खाली वाहवा करणारे ढीगभर. म्हणून लिहायला बसलो, लांबलं तर लांबलं.

माझी आत्या, वय बहात्तर, मंगळवेढ्याकडची. दर संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेला येते, सिद्धेश्वराच्या अक्षता बघितल्याशिवाय तिचं वर्ष सुरू होत नाही. यंदा आमच्याकडं रंगकाम काढलेलं म्हणून ती चुलतभावाकडं उतरली, जुळे सोलापुरात. भाऊ पुण्यात नोकरीला, इथं वहिनी, पोरं आणि काका. पाहुण्याची सोय कुठं, तर हॉलमध्ये दिवाणावर, सगळ्यांच्याच घरी असते तशी. टीव्हीच्या वर कोपऱ्यात तो पांढरा अंड्यासारखा कॅमेरा. आत्याला वाटलं झिरोचा दिवा असंल. रात्री सगळे झोपले, तिनं लुगडं सैल केलं, गुडघ्याला तेल चोळत बसली, तर ते अंडं गर्रकन तिच्याकडं वळलं. ती दचकली. उठून खांद्यावरचा टॉवेल, आपला सोलापुरीच, त्याच्यावर टाकला. दोन मिनिटांत भिंतीतनं आवाज आला, "आत्या, टॉवेल काढ, काही दिसंना."

पुण्यातनं. रात्री सव्वाबाराला.

सकाळी सहाला पिशवी घेऊन रिक्षानं माझ्या दारात. काही रडारड नाही. चहा पिताना एवढंच म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर मी न्हाणीत जाऊन बदललं असतं रे."

कॅमेरा काढून टाका असं माझं म्हणणंच नाही. पाहुणा आला की पाण्याचा तांब्या पुढं करतो ना, तेव्हाच सांगा की हॉलमध्ये कॅमेरा आहे आणि त्यात आवाजपण जातो. एका वाक्याचं काम आहे. लॉज कशाला दाखवायलाय?

होटगीरोड_घरमालक:
ते गृहस्थ मीच. तुमच्या आत्याचं वाईट वाटलं, पण तो तुमच्या भावाचा आगाऊपणा, कॅमेऱ्याचा काय दोष?

आता माझं ऐका. बहिणीच्या लग्नात आमच्या घरी चौदा जण उतरलेले. कपाटातनं आईचं तीन तोळ्याचं गंठण गेलं. कुणी घेतलं आजतागायत कळलं नाही. काकू, मामी, मामेबहीण, कामवाली, सगळ्यांकडं आई त्याच नजरेनं बघते अजून. कॅमेरा असता तर संशय एकावर आला असता, आता चौदा जणांवर आहे. नाती कशानं तुटली, कॅमेऱ्यानं का कॅमेरा नव्हता म्हणून?

आणि वडील. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, दिवसभर एकटे. परवा पहाटे तीनला हॉलमध्ये पडले, मी बाहेरगावी, मोबाईलवर नोटिफिकेशन आलं म्हणून शेजाऱ्याला उठवता आलं. पाहुण्यांच्या लाजेसाठी तो बंद करू? करून दाखवा तुम्ही.

कडक_भाकरी:
वडिलांचं मान्य, शंभर टक्के. पण गंठण कपाटात होतं आणि कॅमेरा हॉलमध्ये. हॉलच्या कॅमेऱ्यात कपाट कसं दिसणार होतं ते सांगा. का बेडरूममध्येपण लावणार होता?

सुनबाई_शेळगी:
तुम्ही पाहुण्यांसाठी भांडायलात. पाहुणे तीन दिवसांनी जातात ओ. आम्ही त्या कॅमेऱ्यात राहतो.

आमच्या स्वयंपाकघरात लावलाय, कारण काय तर गॅस चालू राहिला तर कळावं. सासूबाई भिशीला गेल्या तरी तिकडनं फोन, "कुकर उतरव, चौथी शिट्टी झाली." शेंगा चटणी कुटताना तिखट किती घातलं तेपण दिसतं त्यांना. माझी आई आली की आम्ही दोघी गच्चीवर जाऊन बोलतो. जानेवारीत ठीक आहे, मे महिन्यात सोलापुरात दुपारी दोनला गच्चीवर उभं राहून बघा एकदा आणि मग सांगा कॅमेरा कुणासाठी असतो. आईनं विचारलं होतं, तू बरी आहेस ना? मी आधी वर कोपऱ्यात बघितलं आणि मग हो म्हणलं. तेव्हापासून ती यायचीच कमी झाली.

होटगीरोड_घरमालक:
ताई तुमचा प्रश्न सासूचा आहे, कॅमेऱ्याचा नाही.

सुनबाई_शेळगी:
सासू आधीपण होती, पण भिशीला गेली की दोन तास घर माझं असायचं. ते दोन तास गेले. आता कळलं का कॅमेऱ्याचा प्रश्न कुठंय?

डीव्हीआरवाला:
मी हेच काम करतो, पूर्व भागात आणि विजापूर रोडला मिळून भरपूर घरं केलीत, म्हणून बोलतो. तो अंड्यासारखा म्हणजे वायफायचा फिरणारा. मोशन ट्रॅकिंग चालू असलं की माणूस हलला की तो वळतो, मुद्दाम कुणी फिरवावं लागत नाही. आवाज बहुतेक मॉडेलला पहिल्यापासून चालूच येतो, मालकालाच ठाऊक नसतं. ॲपमध्ये आवाज बंद करता येतो, प्रायव्हसी मोड असतो, त्यात काहींची लेन्सच आत जाते. दिवाणाचा भाग काळा करून टाकायची सोयपण काही मॉडेलला असते. पाच मिनिटांचं काम. शंभरात दोघंसुद्धा करून घेत नाहीत.

आणि पासवर्ड. अजून लोक कंपनीचाच ठेवतात. 2016 साली मिराय नावाचा व्हायरस आला होता, त्यानं असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवायचे डबे, कंपनीच्या पासवर्डवर उघडून लाखोंनी ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी अमेरिकेतल्या मोठमोठ्या साईट बंद पाडल्या. म्हणजे आत्याला फक्त भाचाच बघत होता हेसुद्धा गृहीत धरू नका.

एकानं मला पाहुण्यांच्या खोलीत लाव म्हणून सांगितलं होतं, घड्याळाच्या आत. मी नाही म्हणलं. त्यानं दुसऱ्याकडनं करून घेतला असंल, धंदा आहे.

पूर्वभाग_मास्तर:
कॅमेरा पाहिजेच. मी तर पाण्याच्या टाकीवर लावलाय. नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेपण कधी पहाटे चारला कधी रात्री अकराला. मोबाईलवर बघायचं, धार पडली की मोटर लावायची. आणि खरं सांगू, पाहुणे आले की टाकी किती उतरते तेपण कळतं. आमच्याकडं एक मेव्हणे येतात, पुण्याचे, शॉवर सोडून दाढी करतात! चार दिवसांचं पाणी एका आंघोळीत.

कडक_भाकरी:
मास्तर, विषय काय, तुम्ही बोलायलाय काय. पाहुण्याच्या आंघोळीचा हिशोब कॅमेऱ्यात बघता?

पूर्वभाग_मास्तर:
टाकीचा बघतो, आंघोळीचा नाही. तुमच्याकडं कितव्या दिवशी येतं?

जुळेसोलापूरकर:
आमच्याकडं चौथ्या. पण प्रेशर नाही, दुसऱ्या मजल्यावर चढतच नाही.

पूर्वभाग_मास्तर:
चौथ्या दिवशी येतं आणि तक्रार करता! तुमच्या भागात मोठी माणसं राहतात म्हणून चौथ्या.

जुळेसोलापूरकर:
कोण मोठी माणसं बे? मी कर्जावर फ्लॅट घेतलाय. तुमच्या गल्लीत नळालाच थेट मोटर लावतात म्हणून पुढच्यांना पाणी मिळत नाही, आधी ते बघा तुमच्या कॅमेऱ्यात.

पूर्वभाग_मास्तर:
पुरावा दाखवा. उगं गल्लीला बदनाम करू नका. आणि उजनी 117 टीएमसीचं धरण, यंदा पाऊस चांगला, मग पाणी जातं कुठं? समांतर जलवाहिनी समांतर जलवाहिनी ऐकून माझे केस पिकले.

हातमाग_नातू:
पाण्याचं निघालंच आहे तर, आमच्या साखर पेठेत एकानं टाकीवर कॅमेरा लावला आणि त्यात शेजाऱ्यांची मोरी दिसायला लागली. बायकांनी बोंब मारली. त्यानं सांगितलं मी फक्त टाकी बघतो. शेवटी शेजाऱ्यानं मधी पत्रा ठोकला. आता त्याला ना मोरी दिसते ना टाकी.

मास्तर तुमचा कुणीकडं तोंड करून आहे?

पूर्वभाग_मास्तर:
आभाळाकडं.

जुळेसोलापूरकर:
आभाळाकडं तोंड करून टाकीत पडणारी धार कशी दिसते ओ मास्तर?

(पुढं दोघांचं मोटर, वॉल्व्ह सोडणारा आणि टँकरच्या रेटवरनं अजून बरंच चाललं. एकानं दुसऱ्याला "तुम्ही सोलापूरचेच का" विचारल्यावर मास्तर तासभर गप्प झाले आणि मग परत आले.)

कडक_भाकरी:
झालं का पाणी भरून? आत्यानं काल परत फोन केला होता. तिचा एकच प्रश्न, "ते माझं त्यातलं पुसलं का विचार." मी भावाला विचारलं, तो म्हणतो आपोआप पुसतं. डीव्हीआरवाले, खरं आहे का?

वकिली_कोट:
मधेच बोलतो. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं 2017 साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कोलकात्यात दोन भावांचं भांडण होतं, एकाच घरात राहणारे. 2025 मध्ये तिथल्या हायकोर्टानं सांगितलं की घराच्या राहत्या भागात सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय कॅमेरा चालू ठेवता येणार नाही, सुप्रीम कोर्टानं त्यात हात घातला नाही. त्यामुळं "घर माझं कॅमेरा माझा" एवढ्यावर विषय संपत नाही.

होटगीरोड_घरमालक:
ते एकत्र राहणाऱ्या भावांचं. माझा मामा काय माझ्या घराचा हिस्सेदार आहे का? आणि 2023 चा तो डेटा संरक्षणाचा कायदा, तो घरगुती वापराला लागूच नाही. मीपण वाचतो साहेब.

वकिली_कोट:
बरोबर आहे, घरगुती वापर त्यातनं वगळलाय. पण आयटी कायद्याचं कलम 66 ई वाचलं का? संमतीशिवाय कुणाच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्रण केलं किंवा पुढं पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, दोन्हीपण होऊ शकतं. चोर पकडायला लावला होता म्हणून पुढं पाठवलेली क्लिप माफ होत नाही.

सुनबाई_शेळगी:
आत्या काय भाच्यावर केस करणार आहे का? ती पुढच्या वर्षी येणार नाही, एवढंच होणार.

डीव्हीआरवाला:
भाकरी साहेब, उत्तर. 64 जीबीचं कार्ड असंल आणि रेकॉर्डिंग सतत चालू असंल तर साधारण पाच-सात दिवसांत जुनं पुसून त्यावर नवीन बसतं. हालचालीवर ठेवलं असंल तर जास्त दिवस राहतं. पण क्लाऊड, म्हणजे इंटरनेटवरची कंपनीची साठवायची जागा, घेतला असंल तर तिथं वेगळं राहतं. आणि भावानं मोबाईलमध्ये क्लिप सेव्ह केली असंल तर ती कुणी आपोआप पुसत नाही, ती त्यानंच पुसायची. सेव्ह केली का विचारा.

कडक_भाकरी:
विचारलं. दहा मिनिटं टायपिंग टायपिंग दिसत होतं. मग आलं, "गंमत म्हणून बायकोला पाठवली होती फक्त."

होटगीरोड_घरमालक:
हे मात्र फार झालं. ह्याला मी कधी पाठिंबा दिला नाही, नोंद असू द्या.

सुनबाई_शेळगी:
नोंद असू द्या म्हणे. ॲपमध्ये सेव्हचं बटण तुमच्याकडंपण आहेच की.

होटगीरोड_घरमालक:
ताई, दरवेळी शेपटीवर पाय देऊ नका. बरं, ऐका. हॉलमध्ये कुणी झोपायला असलं की मी तोंड दाराकडं फिरवीन आणि आवाज बंद करीन. वडील पाहुण्यांसोबत असतातच तेव्हा. पण "स्मित करा, आपण कॅमेऱ्यात आहात" असले बोर्ड मी घरात लावणार नाही, दुकान आहे का? आणि लॉजचं वाक्य मागं घेत नाही, ते आमच्या त्या मेव्हण्यासाठी होतं, त्याला कळलंय.

पूर्वभाग_मास्तर:
शॉवरवाला का?

होटगीरोड_घरमालक:
तुमचा वेगळा, माझा वेगळा.

कडक_भाकरी:
बोर्ड कुणी मागितला होता? तोंडानं सांगा म्हणलं होतं. असो, तोंड फिरवणार म्हणताय ते लिहून ठेवतो.

भावाच्या क्लिपचं: रविवारी तो सोलापुरात येतोय. मी आत्याला गाडीत घालून घेऊन जाणार आहे, ती त्याच्या समोर बसणार आणि तो तिच्यासमोर पुसणार, वहिनीच्या मोबाईलमधलीपण. त्याला हे अजून सांगितलेलं नाही. डीव्हीआरवाले, क्लाऊडमधलं कुठं बघायचं ते जरा नीट लिहून द्या, आत्यानं विचारलं तर मला दाखवता आलं पाहिजे.

डीव्हीआरवाला:
ॲप उघडा, कॅमेऱ्यावर दाबा, खाली प्लेबॅक दिसंल. तिथं एसडी कार्ड आणि क्लाऊड वेगवेगळे असतात, दोन्हीकडं ती तारीख लावून बघा. आणि ट्रॅश रिकामा करा, गॅलरीतलापण. तो राहतो बहुतेकांचा.

पूर्वभाग_मास्तर:
डीव्हीआरवाले, रात्री धार दिसंल असा टाकीसाठी कितीला पडंल? जुन्यात नुसतं काळं दिसतं.