बारावी कॉमर्स झालंय, मीडिया स्टडीज घेऊ का? कोल्हापुरात की बाहेर?

बावड्याची:

नमस्कार. यंदा बारावी झाले, कॉमर्स. कसबा बावड्यात राहते. अकाउंट्सला मार्क बरे पडलेत म्हणून घरच्यांनी बी.कॉम. ठरवूनच टाकलंय, सोबत बँकेच्या परीक्षा. पप्पा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर आहेत. मी मीडियाचं नाव काढलं की म्हणतात, "पेपरात जाऊन काय मिळणार? आपल्या गल्लीतला वार्ताहर बघ, पुरवणीच्या जाहिरातीसाठी दुकानं पालथी घालतोय."

पण मला बातमीदारच व्हायचंय असं नाही. २०१९ च्या महापुरात मी सहावीत होते. आम्ही मावशीकडं जाऊन राहिलो होतो. तेव्हा मोबाइलवर, टीव्हीवर, मोठ्यांच्या तोंडी एकच, की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं पाणी सोडलं नाही म्हणून आपण बुडालो. गेल्या वर्षी गडहिंग्लजच्या मैत्रिणीनं तिच्या मामाकडच्या कन्नड पेपरातली एक बातमी मला मराठीत सांगितली. धरण तेच, पाऊस तोच, पण वाचणाऱ्याला राग येणार तो आपल्यावर! हे कोण ठरवतं, कसं ठरतं, ते शिकायचंय. शोधलं तर याला मीडिया स्टडीज म्हणतात असं कळलं.

आता पत्रकारिता, मास कम्युनिकेशन, मीडिया स्टडीज, बीएएमएमसी हे सगळं एकच का? तीन वर्षं करायची की चार? पुण्यात राहायचा खर्च आम्हाला झेपणार नाही, मग कोल्हापुरात राहून काही होईल का? आणि दहावीपर्यंत मराठी माध्यम आहे माझं, इंग्रजी वाचते पण हळू. कुणी केलं असेल तर सांगा.

भवानीमंडप कट्टा:

डिग्री-बिग्री कशाला पायजे? मोबाइल हाय न्हवं? एक माइक घे, चॅनेल काढ. आमच्या पेठेतलं एक गडी दहावी नापास, आज आमदाराच्या शेजारच्या खुर्चीत बसतंय. नाद खुळा काम.

रात्रपाळी:

कट्टेकर, आमदाराच्या शेजारची खुर्ची हा मीडिया स्टडीजच्या प्रबंधाचा विषय झाला. अभ्यासक्रम वेगळा असतो.

बावड्याची, जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर मी बरीच वर्षं उपसंपादकी केली, हल्ली एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. त्यामुळं माल तयार करणारे आणि माल घेणारे दोन्ही बघितलेत.

पत्रकारितेत बातमी मिळवायला आणि लिहायला शिकवतात. मास कम्युनिकेशनमध्ये तिच्या जोडीला जाहिरात, जनसंपर्क, रेडिओ, व्हिडिओ येतं. मीडिया स्टडीजमध्ये बातमी, मालिका, सिनेमा, रील हे बनतं कसं, पैसा कुणाचा, मालक कोण, बघणारा त्यातून काय घेतो, याचा अभ्यास. हे झालं पुस्तकातलं. आपल्याकडं पदवीवर कुठलंही नाव असो, आत तिन्हीची मिसळच असते, कट किती घालायचा ते ज्याच्या त्याच्या हातात. मुंबई विद्यापीठाचं बीएमएम, म्हणजे मास मीडियाची पदवी, पुढं बीएएमएमसी झालं, त्यातही जाहिरात आणि पत्रकारिता एकाच छताखाली. तेव्हा नावावर जाऊ नकोस.

माहितीपत्रकावर ड्रोनचा फोटो असतो, त्यावरही जाऊ नकोस. सिलॅबसची पीडीएफ उघड आणि क्रेडिटचा तक्ता काढ. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, हिशेबानं थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. 'व्हिडिओ निर्मिती, ४ क्रेडिट' असं लिहिलंय आणि चारही थिअरीची असली, तर ६० तास फळ्यावर कॅमेरा काढून दाखवणार हे धरून चाल. दोन प्रात्यक्षिकाची असली तर तेवढेच ६० तास वस्तू हातात यायला हवी. मग प्रत्यक्ष जाऊन विचार: कॅमेरे किती, वर्गात पोरं किती, एडिटिंगचे संगणक चालू आहेत का, पूर्णवेळ शिकवणारे किती आणि माझ्यासारखे तासिकावाले किती. हा शेवटचा प्रश्न लाजून सोडू नकोस. तासिकावाल्याला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, तुझा प्रकल्प रात्री घरी वाचायचे नाही. (मी वाचतो, पण ते माझं खूळ झालं.) आणि पदवी नेमक्या कुठल्या विद्यापीठाची मिळणार, हे लेखी बघ. चकाचक इमारतीत कधीकधी नुसता डिप्लोमा असतो.

तीन की चार हे आज ठरवायची गरजच नाही. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चार केली की एम.ए. एका वर्षात, तीन केली की दोन वर्षांत, म्हणजे एम.ए.पर्यंत जायचं तर वर्षं पाचच. पण ते ७५ टक्के पहिल्या सत्रापासून मोजतात, हे विसरू नकोस. तुझा अलमट्टीचा प्रश्न म्हणजे तयार चौथ्या वर्षाचा प्रबंध आहे. ऑगस्ट २०१९ चे मराठी आणि कन्नड पेपर समोरासमोर लावायचे, कुणाचं म्हणणं पहिल्या पानावर आलं आणि कुणाचं आतल्या पानात गेलं ते मोजायचं. शेजारी त्या पुरावर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल ठेवायचा. समितीनं आपल्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. तरी गल्लीत आजही कुणाला विचार.

आता माझं खरं म्हणणं. यावरून आमच्या स्टाफरूममध्ये वाद होतात. माध्यमाची पदवी घे, पण तिच्यासोबत दुसरा एक घट्ट विषय घे. पावसाळ्यात रोज रात्री डेस्कवर जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचे आकडे यायचे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, किती बंधारे पाण्याखाली, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे. मास कम्युनिकेशन करून आलेली हुशार पोरं दोन दरवाजे उघडले म्हटल्यावर 'कोल्हापूरला महापुराचा धोका' असं हेडिंग बांधून मोकळी व्हायची. अरे, ते दरवाजे स्वयंचलित. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, सातही उघडले तरी दहा हजाराच्या आत. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरच्या आसपास. ते पाणी भोगावतीतून येणार, पंचगंगेत मिसळणार, त्याला काही तास लागणार. आणि इकडं नदी कुठं आहे? ३० फुटांवर असेल तर एक बातमी, ४२ वर असेल तर दुसरी, कारण इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३. पोरांना फ्रेमिंगची (बातमी कुठल्या चौकटीत मांडतात त्याची) थिअरी तोंडपाठ, आणि हे गणित येईना. मग रात्री साडेअकराला पान सोडायच्या वेळी मी हेडिंग बदलत बसायचो आणि छपाईवाले खालून फोन करायचे.

म्हणून मायनरला, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाला, भूगोल घे, अर्थशास्त्र घे, संख्याशास्त्र घे. तू कॉमर्सची, तुझ्याकडं तर आधीच हत्यार आहे. ताळेबंद वाचता येणारा माणूस डेस्कवर शोधून सापडत नाही, आणि आपल्या जिल्ह्यातली अर्धी मोठी बातमी ताळेबंदात असते. साखर कारखाने, दूध संघ, जिल्हा बँक, महापालिकेचं बजेट. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा, त्यात ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेली उसाची किमान किंमत, द्यायची असं लिहिलंय. दिली का, कशातून दिली, कर्ज किती काढलं, हे अहवालात छापलेलं असतं. वार्षिक सभेत गोंधळ झाला एवढंच सगळे लिहितात, अहवालाचं पान उलटून बघणारे थोडे.

कोल्हापुरात राहून होईल का, तर होईल. शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, बावड्यातून केएमटीनं जाता येतं. पदवी, पदव्युत्तर यातलं यंदा काय काय चालू आहे ते विभागात जाऊन विचार, ऐकीव माहितीवर राहू नकोस. पुण्याचं काय, प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथं सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली, आणि तिच्याच जागेवर १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट आलं. तेव्हापासून आपल्या लोकांना पुण्याला जायची सवयच आहे. तू तीन वर्षं उशिरा गेलीस म्हणून काही अडत नाही.

मूळचा कागलचा:

मी त्या सवयीतलाच. बी.ए. अर्थशास्त्र गावाकडं केलं, मग पुण्यात रानडेला, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात. तिथं पदव्युत्तरला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. माझ्या वर्गात इंजिनिअर होते, एक फार्मसीवाली होती. आयआयएमसी या केंद्र सरकारच्या माध्यम-शिक्षण संस्थेचे डिप्लोमेही पदवीनंतरचे, आणि त्यांच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा आहे, तो तुझ्या यादीत असू दे.

रात्रपाळीकाकांचं बहुतेक पटलं, एक नाही. इथंच राहिलं की इंटर्नशिपही इथंच करावी लागते, आणि ती कशी असते ते मी भोगलंय. एका ठिकाणी (नाव नको) पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात वर्धापनदिन पुरवणीचं जाहिरातींचं टार्गेट दिलं. बातमी एकही नाही, सह्या-शिक्क्याचं प्रमाणपत्र मात्र झकास. आता इंटर्नशिपला क्रेडिट असतात, तेव्हा कॉलेजकडून आधी लिहून घे की तू तिथं काय काम करणार. आणि एखादी सुट्टीतली इंटर्नशिप पुण्या-मुंबईला कर, नातेवाईक असतीलच कुणीतरी.

इंग्रजीचं सांगतो. वर्गात बोलायला मराठी चालून जातं, पण थिअरीची चांगली पुस्तकं इंग्रजीत, आणि पहिल्या वर्षी डोकं भणभणतं. मी एकच करायचो. सकाळी एका घटनेची मराठी बातमी वाचायची, मग त्याच घटनेची इंग्रजी. घटना माहीत असली की शब्द अडले तरी वाक्य कळतं. सहा महिन्यांत डिक्शनरी उघडायची कमी झाली. फाडफाड बोलणाऱ्यांना घाबरू नकोस. आमच्यातल्या अशा दोघातिघांना परीक्षेत चार ओळी सलग लिहिता येत नव्हत्या.

भवानीमंडप कट्टा:

काका, खुर्चीचं मनाला लावून घिऊ नका. पण चॅनेलवाल्याला महिन्याला किती पडतात आन् उपसंपादकाला किती, ते पण सांगा की पोरीला.

रात्रपाळी:

रास्त आहे. सुरुवातीला उपसंपादकाला कमी पडतात, फौंड्रीतल्या जुन्या मोल्डरपेक्षाही कमी असू शकतात. हे तिला माहीत असलेलं बरं.

बावड्याची:

सगळ्यांचे आभार. अकाउंट्सचा इथं उपयोग होईल हे डोक्यातच आलं नव्हतं. आता दोनच विचारते. एक, घरी सांगू काय? पगाराचं वाचून तर पप्पा नकोच म्हणतील. दुसरं, मला मराठी टायपिंग येत नाही, मोबाइलवर बोलून टाइप करते. ते चालतं का?

रात्रपाळी:

टायपिंग आधी. बोलून टाइप केलेलं व्हॉट्सअॅपला ठीक, पण आडनावं आणि गावांची नावं त्यात हमखास बिघडतात, आणि चुकलेल्या आडनावासाठी सकाळी सातला फोन येतो. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शीक. महिनाभर रोज अर्धा तास बस, बोटं बसतात. काही पेपरांत अजून श्रीलिपीसारखे जुने फाँट आहेत, पण त्यातही इनस्क्रिप्टचा कीबोर्ड निवडता येतो.

घरी सांगायचं तर खोटी स्वप्नं दाखवू नकोस, वाटा दाखव. कुठलीही पदवी ही पदवीच, बँकेची आणि एमपीएससीची परीक्षा देता येतेच. राज्याच्या माहिती व जनसंपर्क खात्यात जिल्हा माहिती अधिकारी वगैरे पदं असतात, तिथं पत्रकारितेचं शिक्षण आणि अनुभव मोजतात. जुनी जाहिरात काढून पप्पांसमोर ठेव, त्यातली पात्रतेची ओळ त्यांनाच वाचू दे. शिकवायचं असेल तर एम.ए.नंतर नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला मास कम्युनिकेशन आणि पत्रकारिता हा स्वतंत्र विषय आहे. कारखाने, दवाखाने, संस्था यांनाही आता मजकूर लिहिणारा, व्हिडिओ करणारा माणूस लागतो आणि पैसे बहुतेक वेळा पेपरपेक्षा बरे देतात.

तरीही बी.कॉम.वरच अडले तर आणखी एक तोडगा आहे. २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिलीय. एक कॉलेजात जाऊन, दुसरी मुक्त विद्यापीठातून. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. घरी बसून होतं. मी स्वतः हे कुणाला आपणहून सुचवत नाही, कारण दोन्हीकडच्या परीक्षा एका महिन्यात आल्या की पोरं एकीकडं हमखास पाट्या टाकतात, आणि तुझा डोळा ७५ टक्क्यांवर आहे. पण घरचं भांडण मिटत असेल तर पहिल्या वर्षी करून बघ, झेपलं नाही तर सोड.

बी.कॉम.चा अर्ज मात्र भरून ठेव, दोन्हीकडं नाव असू दे. विनाअनुदानित अभ्यासक्रमाची फी आणि अनुदानिताची यात बराच फरक असतो, म्हणून महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीत हा कोर्स बसतो का ते कॉलेजच्या ऑफिसात क्लार्कला विचार, प्राध्यापकाला नको. उत्पन्नाचा दाखला याच आठवड्यात टाक. जूनमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते.