ओम्नीची एमपीएफआय काढून कार्ब्युरेटर बसवायचा आहे, काय काय लागेल?

आर्वी_रोड
गाडी ओम्नी, २००८ची, पेट्रोल, एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकुमावर पेट्रोल फवारणारी). सकाळी एका चावीत सुरू होते. पंधरा-वीस किलोमीटर झाले की चालता चालता बंद पडून राहिली. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू. मागच्या पावसाळ्यात सीटखालचं वायरिंग उंदरांनी कुरतडलं होतं, ते जोडून घेतलं आहे. मिस्त्री म्हणतो, कॉम्प्युटर काढून फेका, जुन्या मारुती आठशेचं मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारी नळी) अन् कार्ब्युरेटर भंगारातून आणतो, चार बोल्टांचं काम आहे. खरंच एवढं सोपं आहे काय? उन्हाळ्यात तरास तर नाही ना देणार?

सुताचा_स्पॅनर
चार बोल्टांत कार्ब्युरेटर बसते भाऊ, गाडी चालत नाही.

तुमच्या इंजिनात पेट्रोल अन् ठिणगी दोन्ही ईसीएम, म्हणजे तो कॉम्प्युटर, ठरवतो. तो काढला की ठिणगीचा टायमिंगही गेला. म्हणून डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वेळेवर ठिणगी वाटणारा भाग) पाहिजे, तोही आतली वजनं मोकळी फिरणारा अन् व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने टायमिंग हलवणारी) डबी न फाटलेला. इंजिनाच्या हेडवर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला तो बसायची जागा अन् फिरवणारा गिअर आहे का, हे सगळ्यात आधी पाहा. नसेल तर जुन्या गाडीचं हेड कॅमसकट घ्यावं लागते. इथंच बहुतेकांचा हिशेब फसतो.

दुसरी गोष्ट पंप. टाकीतला पंप अडीच-तीन बारने पेट्रोल ढकलतो. कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये (छोट्या टाकीत) येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोट-सुई ०.२ ते ०.३ बारच्या वर तग धरत नाही. सुई उचलली जाते, बाऊल भरून वाहते, पेट्रोल गरम एक्झॉस्टवर. गाडी पेटायला एवढं पुरे. टाकीतला पंप काढून कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावा, त्याला रिले अन् ऑइल प्रेशर स्विचमधून कट-ऑफ द्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल. रिटर्न लाइन बंद करू नका, तिच्यातून पेट्रोल फिरत राहिलं तर थंड राहते.

बाकी सामान: मॅनिफोल्ड, दोन्ही गॅस्केट, कार्ब्युरेटरखालचा जाड इन्सुलेटर (हा कोणी आणत नाही, अन् मग एप्रिलमध्ये रडते), चोक केबल, एअर फिल्टरची जुनी डबी. व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी थ्रॉटलच्या वरच्या पोर्टला द्या, थेट मॅनिफोल्डला नाही. नाहीतर आयडलवरच टायमिंग पुढं जातो.

काळी_माती
उन्हाळ्याचं मी सांगतो. ओम्नीचं इंजिन सीटखाली, वारा कमी. आपल्याकडे ४५ अंश असताना गरम गाडी बंद केली की बाऊलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरते. दहा मिनिटांनी स्टार्टर मारला की ओव्हर, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन गाडी सुरूच होत नाही. तेव्हा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा अन् सेल्फ मारायचा, पंप करायचा नाही. म्हणजे आज जो तरास आहे, तोच दुसऱ्या कारणाने.

वरून आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. त्याला हवेच्या मानाने सात-आठ टक्के जास्त इंधन लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे स्वतः जुळवते. जुन्या कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) ठरलेला, म्हणजे मिक्श्चर पातळ, पेट्रोल कमी पडते, इंजिन तापणार. मेन जेटचं भोक व्यासाने साधारण ४ टक्के मोठं पाहिजे, म्हणजे १००च्या जागी १०४-१०५. ड्रिलने फोडू नका, तयार जेट आणा. जास्त दाट झालं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) आतून वितळून चोक होते.

कागदाचंही पाहा. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ मूळ बांधणीत असा बदल करू देत नाही. पीयूसीत तुमच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्याच्या आत लागते, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ३ टक्के चालत होते. इंजिन काढून विहिरीवरच्या पंपाला जोडायचं असतं तर मीच म्हटलं असतं, बसवा.

मल्टिमीटर_४७
पण कायले बसवता बाप्पा? गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू, हे ईसीएमचं लक्षण कमी अन् पंप, रिले, कॉइल किंवा पोझिशन सेन्सरचं (इंजिन कुठं फिरलं हे ईसीएमला सांगणारा) जास्त. बंद पडल्याबरोबर, थंड व्हायच्या आत, एवढं करा:

चावी ऑन केली की टाकीकडून दोन सेकंद घूं आवाज आला पाहिजे. इंजिनावरच्या पेट्रोलच्या नळीला (रेलला) टी लावून गेज पाहा, अडीच ते तीन बार. मग एक प्लग काढून वायरीला लावा, इंजिनाला टेकवा, सेल्फ मारा अन् ठिणगी पाहा. हे करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नको, अन् प्लग हातात धरू नका.

आवाज नाही तर पंप किंवा रिले. टाकी नेहमी तळाशी ठेवता काय? पंप पेट्रोलातच थंड राहतो. बाटलीतलं पेट्रोल टाकत असाल तर जाळीही पाहा.

आर्वी_रोड
आज पुन्हा बंद पडली, लगेच पाहिलं. आवाज येतो. प्रेशर २.७, टिकून आहे. ठिणगी अजिबात नाही. थंड झाल्यावर आली.

मल्टिमीटर_४७
मग पंपाला हात लावू नका. कॉइलही असू शकते, पण आधी पोझिशन सेन्सर, नाहीतर त्याच्या वायरीचा तो उंदराचा जोड. सेन्सर दोन पिनांचा असेल तर थंड असताना ओहम लिहून ठेवा, मग हेअर ड्रायरने तापवा. आकडा उडून मीटर ओपन दाखवू लागलं की सेन्सर गेला. तीन पिनांचा असेल तर ओहम पाहून उपयोग नाही. सप्लाय अन् अर्थ मोजा, इंजिन फिरवताना सिग्नल वर-खाली होतो का ते पाहा.

त्याआधी जुनी टेप सोडवा. पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड तापला की सैल होतो. सोल्डर करून हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) घाला. वायरीला जाळीचं वेष्टण असेल तर ते तुटल्या जागी सलग करा, पण नवीन अर्थ देऊ नका, एकाच टोकाला असतो. अन् ही वायर प्लगच्या वायरींना खेटून बांधू नका.

सुताचा_स्पॅनर
बरोबर. इंजिनाची अर्थ पट्टीही पाहून घ्या. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून हेडपर्यंत ०.२ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर पट्टी काढून, घासून बसवा.