पगार वाढले, तरी चिरीमिरी का थांबत नाही?

पाणंद: सातव्या वेतन आयोगानंतर तलाठ्यापासून भूकरमापकापर्यंत सर्वांचे पगार बऱ्यापैकी वाढले, तरी वारसनोंद, फेरफार (सातबाऱ्यावरील नोंदीतला बदल) किंवा मोजणीसाठी लाच घेताना कोणी ना कोणी सापळ्यात अडकल्याच्या बातम्या येतच असतात. ‘पगार पुरत नाही म्हणून घेतात’ हे स्पष्टीकरण आता टिकत नसेल, तर मूळ कारण कोणते मानावे?

रोजकीर्द: काम अडवून ठेवण्याची मोकळीक. भ्रष्टाचार रोखण्यासाठी केंद्राने नेमलेल्या संथानम समितीने १९६४ च्या अहवालातच ‘स्पीड मनी’कडे, म्हणजे नियमात बसणारे कामही लवकर व्हावे म्हणून दिल्या जाणाऱ्या पैशाकडे, लक्ष वेधले होते. फेरफाराचेच पाहा. नोटीस बजावल्यावर पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर नोंद प्रमाणित करण्याखेरीज मंडळ अधिकाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. पण ‘कागद अपुरे आहेत’ असे तोंडी सांगून तीच नोंद महिनोन् महिने लोंबकळत ठेवता येते. लेखी त्रुटीविरुद्ध दाद मागता येते, म्हणूनच ती लेखी दिली जात नाही.

कोकणकडा: मोकळीक मान्य, पण तिचा बाजार वरून चालतो. राज्य कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठीच्या २००५ च्या कायद्यात साधारणतः तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवलेला आहे, मात्र लेखी कारणे नोंदवून मुदतपूर्व बदली करण्याचा अपवादही त्यातच आहे. त्याच वाटेने मोक्याच्या जागेसाठी ज्याने पैसे मोजले, तो खुर्चीत बसल्या दिवसापासून ते वसूल करणार. त्याचा पगार किती, हा प्रश्न तिथे गौणच. (आणि स्थळ पाहताना ‘वरकमाई किती’ असे विचारणारे आपणही फार वेगळे नाही.)

गाळा_क्रमांक_सात: लहान कारखानदार म्हणून देणाऱ्याची बाजू मांडतो. परवाना रखडला तरी भाडे, बँकेचे हप्ते आणि कामगारांचे पगार थांबत नाहीत; लाच त्या नुकसानीपेक्षा स्वस्त पडते तोवर बहुतेक जण ती देतात आणि हिशेबात ‘कन्सल्टंटची फी’ दाखवतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि बळजबरीने द्यावी लागल्यास सात दिवसांत कळवले तरच सुटका होते. परंतु नूतनीकरणासाठी पुन्हा त्याच टेबलापुढे उभे राहायचे असल्याने तक्रार करायला कोणी धजत नाही.

पाणंद: मग त्रुटी लेखी द्यायला भाग कसे पाडावे?

रोजकीर्द: सेवा अधिसूचित, म्हणजे सरकारने मुदतीसह जाहीर केलेली, असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अर्ज करून पोच घ्यावी. अर्ज नाकारायचा झाल्यास कारणे लेखी द्यावीच लागतात, आणि मुदत उलटली की अपील करता येते. दंड मात्र ५०० ते ५,००० रुपयांचाच आहे, त्यामुळे त्याचा धाक फारसा धरू नये.