मदत हवी आहे: लसीकरणाच्या दिवशी सिरिंज आधीच भरून ठेवायला सांगतात, पर्याय काय सुचवू?

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका खासगी प्रसूती व बालरुग्णालयात स्टाफ नर्स आहे. बुधवारी आमच्याकडे लसीकरण असतं आणि रांग जिन्यापर्यंत जाते. वेळ वाचावा म्हणून सकाळीच ट्रेमध्ये सिरिंज भरून ठेवायच्या, एका सिस्टरने भरायच्या आणि दुसरीने टोचायच्या, अशी इथली जुनी पद्धत. मला ती अजिबात पटत नाही. सरांशी बोलायचं ठरवलंय, पण नुसतं "हे चूक आहे" म्हणून भागणार नाही. गर्दी कशी सांभाळायची ते सांगावं लागेल, आणि तिथेच मी अडले आहे.

लस कुपीत आहे तोवर लेबल दिसतं, एक्स्पायरी दिसते, व्हीव्हीएम (लसीला जास्त उष्णता लागली का ते रंग बदलून दाखवणारी कुपीवरची खूण) दिसतो. एकदा सिरिंजमध्ये गेली की पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस, पेंटा) आणि हिपॅटायटिस बी दोन्ही पांढरट, गढूळ. आम्ही ट्रेला चिकटपट्टी लावून नावं लिहितो. पण बाळ किंचाळतंय, आजी त्याचे पाय धरतेय, दाराशी पुढचा नंबर उभा, अशात ट्रे जरा सरकला की कुठली सिरिंज कुठल्या नावासमोरची होती हे कोण सांगणार? शिवाय जिने भरलीच नाही, तिने कशाच्या भरवशावर टोचायची?

एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेलावरची लस) मला जास्तच काळजी वाटते. पावडरीत डायल्यूएंट (ती विरघळवायचं द्रावण) घातलं की लस नाजूक होते. तिच्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, उजेडही तिला सोसत नाही. सरकारी सत्रात एमआरची (गोवर-रुबेला लस) कुपी तयार केल्यापासून 4 तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून देतात. व्हीव्हीएम ठीक असेल तर पेंटाची उघडलेली कुपी 28 दिवस चालते, तसं एमआरचं नाही. आमच्याकडे मात्र सकाळी भरलेली एमएमआर कधीकधी दुपारच्या बाळाला जाते.

त्यात फ्रिज एकच. लसींच्या खालच्या कप्प्यात प्रसूतीत लागणारं ऑक्सिटोसिन आणि ओटीतलं सक्सिनिलकोलीन, म्हणजे भूल देताना स्नायू शिथिल करणारं औषध. डायल्यूएंटचे अँप्यूलही तिथेच. जुलै 2018 मध्ये सामोआत (पॅसिफिक महासागरातला बेटांचा देश) एमएमआर टोचल्यावर काही मिनिटांत दोन बाळं गेली. डायल्यूएंटऐवजी भूल देताना वापरायचं, स्नायू शिथिल करणारं औषध पावडरीत मिसळलं गेलं होतं. दोन नर्सना 5 वर्षांची शिक्षा झाली. लसीकरण काही महिने बंद राहिलं, लोकांचा विश्वास उडाला, आणि 2019 च्या गोवराच्या साथीत तिथे 83 जण दगावले, बहुतेक लहान मुलं. हे वाचल्यापासून मी प्रत्येक अँप्यूल उजेडाकडे धरून नाव वाचते, पण फ्रिज वेगळा करणं माझ्या हातात नाही.

माझ्या डोक्यात आहे ते असं. एका बाळाला एक किडनी ट्रे. कार्ड बघून त्याच्याच कुप्या काढायच्या, आईला नाव आणि एक्स्पायरी वाचून दाखवायची, तिथेच भरायची, भरणारीनेच टोचायची. कार्ड आणि रजिस्टर लिहून होईपर्यंत रिकाम्या कुप्या ट्रेमध्येच. दुसऱ्या सिस्टरने आधी वजन, ताप, मागच्या वेळी काही त्रास झाला होता का एवढं विचारून ठेवायचं, म्हणजे तिचाही वेळ फुकट जाणार नाही. टोचल्यावर अर्धा तास बसवायला जागा आहे, फक्त लोक थांबत नाहीत.

ज्यांच्याकडे दिवसाला साठ-सत्तर बाळं येतात त्यांनी कृपया सांगा, असं केल्यावर रांग खरंच रेंगाळते का? टोकन वेळेनुसार देता की दीड महिन्याची, नऊ महिन्यांची अशी वयाप्रमाणे? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एएनएम (नर्स) ताईंना तर याचा रोजचा सराव आहे, तुमची टेबलाची मांडणी कशी असते? आणि फ्रिज एकच असेल तर ओटीची औषधं निदान कुलपाच्या डब्यात ठेवून चालवता येईल का, की वेगळ्या फ्रिजचाच आग्रह धरू?