वीजबचतीवर भाषण नको. ग्रामसभेत लोकांना दाखवायचं काय?

कास्तकार_दर्यापूर: नमस्कार मंडळी. १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन येतो, शाळेची प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, संपलं. औंदा १ मेच्या ग्रामसभेत डोळ्यांनी दिसेल असं काही दाखवायचं आहे. गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं. घरोघरी कूलर, शिवारात ३ आणि ५ एचपीच्या मोटारी. खर्च कमीत कमी हवा.

वायरिंगवाला: साधन प्रत्येकाच्या भिंतीवरच आहे भाऊ. मीटरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं, ते मीटरवर छापलेलं असतं. ३२०० धरून हिशेब देतो. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर त्याप्रमाणे बदला.

ग्रामपंचायतीच्या मीटरसमोर लोकांना उभं करा. सगळं बंद करून फक्त जुना पंखा फुल्लवर लावा आणि ५ मिनिटं लुकलुक मोजा. २० भरली तर पंखा ७५ वॉटचा. मग बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटारीचा पंखा लावा, ८ च्या आसपास भरेल, म्हणजे ३० वॉट. मोजायला पोरांना उभं करा, मोठ्याने मोजू द्या. दोन पंख्यांतला फरक ४५ वॉट; रोज १२ तासांचे महिन्याला १६ युनिट. ज्याचं बिल ११५ युनिटचं येतं तो एवढ्यावर १०० च्या आत येतो, आणि १०० च्या पुढच्या युनिटला दर बराच चढा आहे.

चूक कुठे होते? फ्रीज, चार्जर, सेटटॉप बॉक्स चालूच राहतात आणि आकडा फुगतो. आणि बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरमधून चालवू नका, रेग्युलेटर बायपास करा. नाहीतर पंखा नीट चालत नाही आणि लोक म्हणतात, नवं ते खराब.

कास्तकार_दर्यापूर: हे जमेल. पण मोटारीचं काय? साडेसात एचपीपर्यंत एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. बचत कशाला करायची, असं सभेत नक्की विचारतील.

पंप_मेकॅनिक: तिथे बिलाचं नाव काढू नका, डीपीचं, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचं काढा. वीज मोफत असली तरी डीपीची ताकद तेवढीच आहे, आणि हरभऱ्याच्या पाण्यावर डीपी जळाली तर नुकसान कास्तकाराचंच.

टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती पकडून करंट मोजायचं यंत्र, आणा. ५ एचपीची मोटार भर लोडवर पावणेआठ अँपिअरच्या आसपास ओढते. २ केव्हीएआरचा (हे त्याचं माप) कॅपॅसिटर, म्हणजे लाइनवरचा जादा करंट कमी करणारा डबा, लावला की स्टार्टरच्या अलीकडची, म्हणजे लाइनची वायर साडेसहाच्या जवळ दाखवते. मोटारीकडची वायर पकडली तर काहीच फरक दिसत नाही आणि दाखवणाऱ्याची फजिती होते. ६३ केव्हीएच्या (हे डीपीच्या ताकदीचं माप) डीपीवर अशा ११ मोटारी चालतात. सगळ्यांना कॅपॅसिटर असले तर त्याच भारात १३.

३ एचपीला १, ५ ला २, साडेसातला ३ केव्हीएआर. मोठा लावला तर जास्त फायदा, हा गैरसमज आहे. उलट व्होल्टेज चढून मोटारीला त्रास होतो. जोडायचा स्टार्टरनंतर, म्हणजे मोटारीबरोबर तोही बंद होतो. फुगलेला कॅपॅसिटर लगेच बदला. बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो, टर्मिनलला हात लावू नका.

आणि ऑटो स्विच काढायला लावाच. लाइन आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात, सुरू होताना पाच-सहा पट करंट घेतात, डीपी तिथेच जाते. याची जागृती कॅपॅसिटरपेक्षा आधी करा, यात पैसाही लागत नाही.

वऱ्हाडी_कूलर: कूलरचं राहिलं. खारं पाणी असलं की कूलरच्या गवताच्या ताट्यांवर क्षाराचा पांढरा थर बसतो, हवा अडते, गारवा जातो आणि माणूस स्पीड वाढवतो. टाकीतलं पाणी नुसतं भरत राहू नका, तीन-चार दिवसांनी पूर्ण काढा. वाफ उडते, क्षार खाली साचत जातो. समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत दमट हवाच फिरते, कूलर कितीही जोरात चालवा. आणि सभेत हे दोनदा सांगा: पाणी भरताना प्लग काढायचा, थ्री पिन आणि अर्थिंग पक्कं हवं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला तर उत्तम.

वायरिंगवाला: तारखेबद्दल एक. १ मेपर्यंत कूलर लागून महिना उलटलेला असतो. पंखा-कूलरचं मार्चमध्येच, ताट्या बदलायच्या वेळी घ्या. कॅपॅसिटरचं १४ डिसेंबरलाच ठेवा. तेव्हा गहू-हरभऱ्याला पाणी सुरू असतं, मोटारी चालू सापडतात.